संशोधनाचा पहिला टप्पा



संशोधनाची सुरुवात प्रश्नाने होते असे मानण्याची पद्धत आहे. तथापि तो प्रश्न पूर्वी कोणी विचारला होता काय, त्याचे उत्तर कोठवर मिळाले होते आणि ते कोणत्या पुराव्यावर उभे होते, हे कळल्याखेरीज कुतूहलाला संशोधनाचे रूप येत नाही. हे कळण्याची जागा विद्यापीठाचे ग्रंथालय ही होय, आणि म्हणून संशोधनाचा पहिला टप्पा प्रयोगशाळेआधी ग्रंथालयात पार पडतो, हे पदवीदानाच्या आजच्या प्रसंगी आग्रहाने मांडणे उचित ठरेल.

भारतात या जाणिवेला शास्त्राची बैठक दिली ती शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकविणारे रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले, आणि 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पाच सूत्रे सांगितली: ग्रंथ उपयोगासाठी आहेत; प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा; प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा; वाचकाचा वेळ वाचावा; ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. यांपैकी तिसरे सूत्र संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे, कारण जो ग्रंथ अस्तित्वात आहे हेच वाचकाला ठाऊक नाही, तो ग्रंथ तो मागणार तरी कसा? मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ देण्याची व्यवस्था, आणि वर्गीकरण, म्हणजे एका विषयाचे ग्रंथ एकमेकांशेजारी येतील अशी मांडणी, ही दोन्ही साधने या अज्ञात ग्रंथाची गाठ घालून देण्यासाठीच आहेत.

1896 मध्ये मुंबईत पसरलेल्या प्लेगचा अभ्यास हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घ्यावे. संगणकावर 'प्लेग' हा शब्द टाकला असता त्या शीर्षकाची पुस्तके समोर येतात; परंतु 1901 मध्ये मुंबईची लोकसंख्या 1891 च्या तुलनेत घटली होती ही महत्त्वाची गोष्ट जनगणनेच्या खंडांत आहे, आणि अशा खंडांच्या, नगरपालिकेच्या अहवालांच्या किंवा समकालीन वृत्तपत्रांच्या पाठीवर प्लेगचे नाव छापलेले नसते. विषय ऐकून त्या कपाटाकडे बोट दाखविणारा संदर्भ ग्रंथपाल, म्हणजे वाचकाच्या प्रश्नाला योग्य साधनापर्यंत पोचविणारा जाणकार, या ठिकाणी संशोधनाची दिशाच ठरवून देतो.

मराठीच्या अभ्यासकांवर तर या दृष्टीने एका व्यक्तीचे फार मोठे ऋण आहे. शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेल्या मराठी ग्रंथसूचीने प्रथम 1800 ते 1937 आणि नंतर 1938 ते 1950 या काळातील मराठी ग्रंथांच्या नोंदी एकत्र आणल्या. सूची म्हणजे नावांची कोरडी यादी असा समज आहे, तो दूर व्हायला हवा. एखाद्या विषयावर मराठीत काय लिहिले गेले आणि काय लिहिले गेले नाही, हे अधिकाराने सांगता येते ते अशा सूचीमुळेच.

अलीकडच्या काळात साधनांचा विस्तार विलक्षण झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या खुल्या भांडारात जमा होऊ लागले, त्यामुळे कपाटात बंद राहणारे प्रबंध कोणालाही वाचता येतात. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेतून सुमारे 13,000 नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षणसंस्थांना खुली झाली. तालुक्याच्या गावातील शासकीय महाविद्यालयाला आयआयटीच्या बरोबरीने तोच लेख वाचता यावा, ही मोठी गोष्ट आहे. परंतु ही नियतकालिके प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची आहेत. मराठी मासिकांचे जुने अंक, स्थानिक संस्थांची इतिवृत्ते, गावोगावच्या स्मरणिका त्यांत नाहीत. त्यांचा कागद ठिसूळ होत आहे, आणि जेथे ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे रिकामे राहते तेथे त्यांची नोंदही होत नाही. परदेशी लेखांसाठी जेवढ्या तत्परतेने निधी उभा राहतो तेवढ्याच तत्परतेने तो या साहित्याच्या जतनासाठीही उभा राहिला पाहिजे. शिवाय संगणकीय प्रणाली आता अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ खऱ्यासारखे रचून देतात, त्यामुळे मूळ साधन डोळ्यांखालून घालण्याची ग्रंथालयीन शिस्त पूर्वीपेक्षा अधिक निकडीची झाली आहे.

पदवीबरोबर बहुतेक स्नातकांचे ग्रंथालयाचे सदस्यत्व संपते, आणि वर्गणीच्या साधनांचा परवलीचा शब्दही बंद होतो. शाळेत शिकविणाऱ्या, शेती करणाऱ्या, न्यायालयात उभे राहणाऱ्या स्नातकाला वाचनाची गरज मात्र संपत नाही. परवान्याच्या अटी सांभाळून ग्रंथालयाच्या आवारात बसून वाचण्याची सोय आणि अल्प शुल्कात माजी विद्यार्थ्यांचे सदस्यत्व, एवढी व्यवस्था प्रत्येक विद्यापीठाला करता येण्याजोगी आहे. ती जेथे नाही तेथे मागण्याचा अधिकार आज पदवी घेणाऱ्यांना आहे, आणि त्यांनी तो लेखी अर्जाने वापरावा.