शेजारी ठेवलेली किल्ली

(मंडळाच्या जानेवारी २०२५ मधल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणि बोरन्हाणाला केलेलं हे भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे, फक्त पाल्हाळ थोडं कापलं आहे.)



कार्यकारिणीतून फोन आला, "तुझी मुलगी सव्वा वर्षाची झाली, म्हणजे तू आता अनुभवी. परदेशात बाळाचं संगोपन या विषयावर दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाबरले. कारण संगोपन वगैरे मी काही केलेलं नाही. मी एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एका बाळाबरोबर दिवस काढले, एवढंच. तेव्हा त्या दिवसांबद्दलच बोलते. संगोपनावर बोलायला इथे माझ्याहून मोठ्या बायका पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्यातल्या दोघींनी मघाशीच मला सांगितलं की मुलीला टोपी हवी होती.

आमची कन्या ऑक्टोबर २०२३ मधली. लंडनच्या वायव्येला, दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. बाल्कनी नाही, गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि लिफ्ट अशी की बाबागाडी आत गेली तर आई बाहेर. माझी आई साताऱ्याहून बाळंतपणाला आली. व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा, म्हणून तिकिटाची तारीख अगदी पंचांग काढल्यासारखी ठरवली होती. तिच्या एका बॅगेत तिचे कपडे आणि दुसरीत माझं बाळंतपण: डिंक, खारका, अळीव, बाळंतशेपा, वेखंड, वावडिंग, जुन्या साड्यांची दुपटी, दोन कुंच्या, आणि एक मोहरीची उशी. बाळाचं डोकं गोल व्हायला.

आईला आमचं घर काही फारसं पटलं नाही, पण बाथरूममधला टब मात्र बेहद्द आवडला. टबात पाट ठेवून ती पाय लांब करून बसायची, पायांवर पोर घ्यायची आणि म्हणायची, "हा टब ज्यानं केला त्याच्या आजीनं पोरं न्हाऊ घातलेली असणार." खोबरेल तेल नोव्हेंबरात दगडासारखं गोठायचं, म्हणून बाटली रेडिएटरवर. लंगोट रेडिएटरवर. दुपटी वाळत घालायच्या स्टँडवर, स्टँड हॉलच्या मधोमध. आम्ही तिघं मोठी माणसं त्या स्टँडला प्रदक्षिणा घालत जेवायचो.

तिसऱ्या आठवड्यात धुरीचा प्रसंग घडला. निखारे कुठून आणणार? आईनं तव्यावर ओवा आणि लसणाची सालं तापवली आणि तवा घेऊन ऐटीत बेडरूममध्ये निघाली. अर्ध्या वाटेत छतावरचा स्मोक अलार्म जो बोंबलला! आई एका हातात तवा धरून दुसऱ्या हातानं पदरानं वारा घालतेय, पोर किंचाळतेय, नवरा स्टुलावर चढून अलार्म शांत करतोय. आणि दारात खालच्या मजल्यावरच्या आयरिश आजी, ऐंशीच्या घरातल्या, घरातल्या सपाता घालून. त्यांनी तव्याकडे पाहिलं, नाक उडवलं आणि विचारलं, "डिनर?" आई म्हणाली, "नो नो. बेबी." मग मला खुलासा करावा लागला.

या आजींची आम्हाला धास्ती होती. रात्री दोनला पोर रडायला लागलं की नवरा आधी बाळाकडे नाही, जमिनीकडे बघायचा. एके दिवशी दाराखालून एक चिठ्ठी आली. तक्रारच असणार म्हणून दोन दिवस आम्ही ती उघडलीच नाही. उघडली तर त्यात लिहिलं होतं की बाळ रडतं त्याला कुणाचा इलाज नाही, पण तुमचं वॉशिंग मशीन रात्री साडेअकराला माझ्या पलंगाच्या बरोबर वर फिरतं, ते सकाळी लावता येईल का? आम्ही मशीन सकाळी लावायला लागलो. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना अळीवाचे लाडू नेऊन दिले. पहिला लाडू त्यांनी चमच्यानं खाल्ला.

आता जरा अवघड भागाकडे येते.

इथे बाळ झालं की पहिले काही दिवस मिडवाइफ घरी येते, मग हेल्थ व्हिजिटर येते. लाल पुस्तक मिळतं, त्यात वजनाचे ठिपके काढायचे. हेल्थ व्हिजिटर बाई चांगल्या होत्या, पण त्यांचं प्रत्येक वाक्य आईच्या बॅगेतल्या कुठल्यातरी वस्तूवर जाऊन पडत होतं. बाळाला पाठीवरच झोपवा, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी नको, पांघरुणांचा ढीग नको, घरात टोपी नको, खोली सोळा ते वीस अंश. मोहरीची उशी बाद. कुंची बाद. गुटीत मध? वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको. काजळ नको. पाणी नको. आईला मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि तिचा चेहरा लहान होत होता. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मग तुम्हाला आम्ही वाढवलं ते काय चुकून वाढलात?"

यात बरोबर कोण, ते मी स्पष्ट सांगते, कारण इथे नव्या आया बसल्या आहेत. झोपेच्या बाबतीत त्या बाईच बरोबर होत्या. ब्रिटनमध्ये बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम १९९१ मध्ये निघाली आणि त्यानंतर पाळण्यातले अचानक मृत्यू खूपच घटले. मधातून क्वचित का होईना, पण तान्ह्या बाळाला लकवा आणणारा विषार होऊ शकतो, आणि काजळ-सुरम्यात शिसं सापडलेलं आहे. तेव्हा उशी माळ्यावर. पण मालिश, पायांवरची अंघोळ, बाळंतिणीच्या पोटात गरम गरम घालणं, तिला दुपारी निजू देणं, यांना कुणीच नाही म्हटलेलं नव्हतं. ते मी आईला नीट सांगायला हवं होतं. मी फक्त "नको" तेवढ्यांचं भाषांतर केलं.

बाळ सहा-सात आठवड्यांचं असताना त्या बाईंनी मला एक कागद दिला. दहा प्रश्नांचा. एडिंबरा स्केल म्हणतात त्याला, १९८७ पासून वापरात आहे. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आलं का, उगाच स्वतःला दोष दिला का, रडू आलं का, असे प्रश्न. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल. शेजारी आई बसलेली, मांडीवर पोर घेऊन. आई मराठी शाळेतली निवृत्त शिक्षिका, इंग्रजी तर्खडकरी, पण वाचता सगळं येतं. ती चष्म्यातून कागदाकडे बघत होती. घर सोडून, बाबांना एकटं ठेवून, थंडीत सहा महिने माझ्यासाठी राबणारी आई. तिच्यासमोर मी कसं लिहिणार की मला रोज रडू येतं? मी दहाही प्रश्नांना सगळ्यात चांगल्या उत्तरावर खूण केली. बेरीज शून्य. बाई म्हणाल्या, "लव्हली."

डिसेंबरात लंडनला चारच्या आत अंधार पडतो. आई स्वयंपाकघरात असायची, मी खिडकीत बाळाला घेऊन उभी असायची, आणि मला असं वाटायचं की हे बाळ कुणीतरी माझ्याकडे सांभाळायला दिलंय, संध्याकाळी नेतील. हे वाक्य मी आज पहिल्यांदा इतक्या माणसांत म्हणतेय.

मार्चच्या शेवटी आई निघाली. निघायच्या आदल्या दिवशी ती न विचारता खाली आजींकडे गेली, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि आमच्या घराची जादा किल्ली घेऊन. मला कळलं तेव्हा मी तिच्यावर वैतागले. "आई, इथे असं करत नाहीत. त्यांना काय वाटेल?" नवराही कधी नव्हे तो चिडला. आई म्हणाली, "वाड्यात आपली किल्ली कायम शेजारी असायची. लेकरू असलेल्या घराची किल्ली शेजारी ठेवावी." विषय संपला. ती गेली आणि घर एकदम मोठं झालं. स्टँड मात्र तसाच मधोमध.

नवऱ्याची दोन आठवड्यांची पितृत्व रजा केव्हाच संपली होती. तो सातला जाणार, साडेसहाला येणार. मधले साडेअकरा तास मी, बाळ आणि रेडिओ. लोक सांगतात, बाहेर पड, लायब्ररीत बाळांची गाणी असतात. असतात, फुकट असतात, चांगली असतात. पण बाळाला भरवून, बदलून, जाकीट घालून, गाडी उलगडून लिफ्टपाशी पोचावं तर पुन्हा बदलायची वेळ. आठवड्यातून एकदा पोचले तरी मला एव्हरेस्ट झाल्यासारखं वाटायचं.

मे महिन्यातली एक दुपार. दात येत होते. पोर सकाळपासून रडत होती. दीड तास खांद्यावर घेऊन झालं. एका क्षणी माझे हात तिच्या दंडांभोवती नको इतके घट्ट झाले. मला ते दिसलं. मी तिला कॉटमध्ये पाठीवर ठेवलं, आणि हेल्थ व्हिजिटर बाईंचं एक वाक्य आठवलं: सहन होत नसेल तर बाळाला सुरक्षित जागी ठेवा आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळाला कधीही हलवू-झटकू नका. मी दुसऱ्या खोलीत गेले, तिथेही रडणं ऐकू येत होतं. म्हणून फ्लॅटबाहेर जिन्यात जाऊन बसले. आणि मागे दार लागलं.

इथल्या फ्लॅटच्या दारांना आगीच्या नियमापायी आपोआप मिटणारी स्प्रिंग असते. किल्ली आत. फोन आत. पोर आत. आणि आतला आवाज बंद झाला. तोपर्यंत मला तो आवाज नको होता. आता त्याच्याशिवाय काही नको झालं. मी दारावर थापा मारल्या, कोणासाठी कोण जाणे. मग अनवाणी खाली पळाले.

आजींनी दार उघडलं. मी काय बोलले ते मला आठवत नाही, मराठीत बोलले असं त्या म्हणतात. त्यांनी ९९९ लावायला फोन उचलला, परत ठेवला, आणि कपाटातून लाडवांचा डबा काढला. लाडू संपले होते. आत आमची किल्ली, आईनं तिला बांधलेल्या लाल दोऱ्यासकट. गुडघे दुखतात म्हणून त्या जिना टाळतात. त्या दिवशी माझ्या मागोमाग चढल्या.

पोर झोपली होती. तोंडात मूठ, कपाळावर घाम, बाकी काही नाही. जास्तीत जास्त सात-आठ मिनिटं झाली असतील.

आजींनी चहा केला, माझ्याच स्वयंपाकघरात, सगळं शोधून शोधून. मग समोर बसून विचारलं, "हे किती दिवस चाललंय?" मी म्हटलं, आजच दार लागलं. त्या म्हणाल्या, "मी दाराबद्दल विचारत नाहीये." त्यांना चार मुलं, सगळी एकेका वर्षाच्या अंतरानं. दुसऱ्याच्या वेळी त्यांनाही असंच झालं होतं आणि त्यांच्या काळी त्याला नाव नव्हतं, नुसतं 'नर्व्हज' म्हणायचे. मी तासभर बोलले. इंग्रजीत रडणं फार विचित्र असतं, क्रियापदं सुचत नाहीत.

त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं, दंडांचंसुद्धा. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. पुन्हा तोच दहा प्रश्नांचा कागद, तीसपैकी गुण. या वेळी खरं लिहिलं. परीक्षेत इतके गुण पडले असते तर आईनं पेढे वाटले असते. मग दर आठवड्याला एका बाईंशी फोनवर तासभर बोलणं, काही महिने. इंग्लंडमध्ये या उपचारासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही स्वतः नाव नोंदवता येतं, ते इथे पुष्कळ जणींना ठाऊक नाही म्हणून सांगते. दहात एकीपेक्षा जास्त बायकांना बाळंतपणानंतरच्या वर्षात हे होतं. आज या हॉलमध्ये किती जणी आहोत, तुम्हीच मोजा.

आणि तुम्ही आज्या मंडळी सहा महिने येता, त्यांना एक विनंती. हेल्थ व्हिजिटर बाईंनी कागद काढला की बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत जा. खिडकीतून बस दाखवा. लेकीला आणि सुनेला पाच मिनिटं एकटं सोडा. तुम्ही काही चुकलात म्हणून नाही. तुमच्यासमोर ती खोटंच लिहिणार.

आईला मी हे सगळं कालपर्यंत सांगितलेलं नव्हतं. आज तुमच्यासमोर बोलणार, तर कुणीतरी साताऱ्यापर्यंत पोचवणारच, म्हणून काल रात्री फोन केला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं लाइन गेली. मी म्हटलं, "आई, आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे नं? का तुम्ही मागून घेतली?"

त्यांच्याकडेच आहे.

बरं, आता द्राक्षांचे चार-चार तुकडे करून ठेवलेत, बोरं काही मिळाली नाहीत. पोरांना मधे बसवा.