मागच्या बाकापर्यंत ऐकू येतंय का?



आपल्या बाई विचारायच्या, "मागच्या बाकापर्यंत ऐकू येतंय का?" आणि आम्ही काही न ऐकताच "हो बाई" म्हणायचो.

दोन वर्षं माझी आईही घरात असंच "हो हो" म्हणत होती. सांगितलेलं विसरायची. भिशीला जाणं तिने बंद केलं. स्मृतिभ्रंशाच्या धास्तीने मी तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत निघालं, तिला ऐकूच कमी येत होतं! जी माहिती साठवलीच नाही ती सापडणार कुठून, हे मी ऑफिसात रोज सांगते. घरी मात्र आईवर चिडत राहिले. त्याचं वाईट वाटतं.

स्मृतिभ्रंशावरच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ च्या अहवालात, आपल्याला आवर घालता येईल अशी धोक्याची १४ कारणं दिली आहेत. मधुमेह, उच्च रक्तदाब, व्यायामाचा अभाव, एकटेपणा यांच्याबरोबर त्यांत कमी ऐकू येणंही आहे. ऐकू आलं नाही की माणूस गप्पा टाळतो, एकटा पडतो आणि मेंदूचा व्यायामच थांबतो. म्हणून शब्दकोडी जरूर सोडवा, पाढे म्हणा. पण कानही तपासून घ्या.

आता आई यंत्र लावून भिशीला जाते आणि मलाच म्हणते, "ओरडतेस कशाला?"

सर, बाई, चष्म्याची आपण लाज बाळगत नाही. मग कानाच्या यंत्राचीच का?

मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं ना? या वेळी खरं सांगा!