केबल ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा!

मागच्या आठवड्यात मित्राचा पीसी उघडला, तर ग्राफिक्स कार्डची पॉवर केबल पूर्ण आत गेलेलीच नव्हती. प्लगची कड काळपट झालेली. पोटात गोळाच आला.

हा १६ पिनांचा कनेक्टर ६०० वॅटपर्यंत वीज देतो. १२ व्होल्टवर म्हणजे ५० अँपिअर! सहा तारांत वाटले तर प्रत्येकी आठाच्या वर. जुन्या ८ पिनांच्या कनेक्टरमध्ये तारेला जेमतेम चार. आता एका पिनचा संपर्क ढिला झाला, की भार बाकीच्यांवर जातो, त्या तापतात आणि प्लास्टिक वितळतं.

२०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळले, तेव्हा एनव्हिडिया म्हणाली, केबल पूर्ण बसवलेली नसते. पण पुढे सुधारित कनेक्टर आला, ज्यात केबल अर्धवट असेल तर कार्डाला वीज ओढताच येऊ नये म्हणून सेन्स पिना आखूड केल्या. म्हणजे दोष फक्त वापरणाऱ्याचा नव्हता, असं मला वाटतं.

तरी घर आपलंच आहे ना? पीसी बंद करून प्लग काढा, केबल शेवटपर्यंत दाबा, फट दिसता कामा नये. तोंडाशीच वाकवू नका. आणि जळका वास आला तर ‘एवढी मॅच संपवतो’ म्हणू नका. भेटू पुढच्या भागात!