दोन खेपांचा तराजू

एका खेड्यांत एक विद्वान् गृहस्थ आपल्या लहानग्या शिष्यासह येऊन पोंचतात. गृहस्थांचें नांव प्रोफेसर लेटन, शिष्याचें ल्यूक आणि खेड्याचें सेंट मिस्टेअर. गांवचे लोक मोठे चमत्कारिक! त्यांस कांहीं विचारावें तर उत्तराऐवजीं ते कोडेंच घालतात. हा कादंबरींतील प्रसंग नव्हे. जपानांतील लेव्हल-फाइव्ह या मंडळीनें २००७ सालीं हातांत मावणाऱ्या, दोन पडद्यांच्या यंत्रासाठीं काढलेल्या व्हिडिओ गेमचें हें कथानक आहे. त्यांतील कोड्यांवर अकिरा तागो या मानसशास्त्रज्ञांची देखरेख होती. ते चिबा विद्यापीठांत प्राध्यापक होते, आणि १९६६ पासून निघालेलीं त्यांचीं कोड्यांचीं पुस्तकें जपानांत अतिशय खपलीं. २०१६ सालीं ते निवर्तले.

खेळाच्या आरंभींच एक कोडें वजनांचें आहे. दिसावयास अगदीं सारखीं अशीं आठ वजनें. त्यांतील एक मात्र इतरांहून किंचित् हलकें. जवळ तराजू आहे, पण तो दोनच खेपा वापरून हलकें वजन हुडकून काढावयाचें.

बहुतेकांचा हात प्रथम चार-चार वजनांकडे वळतो. आठांचे अर्धे चार, चारांचे अर्धे दोन, दोहोंचा अर्धा एक. ही रीत चुकीची नाहीं. तिनें हलकें वजन हमखास सांपडतें. परंतु तिला तीन खेपा लागतात आणि मुभा तर दोहोंचीच आहे. अडलेल्यास खेळांत सूचना मिळतात, पण त्या विकतच्या. गांवांत दडविलेलीं नाणीं शोधून हा खर्च भागवावा लागतो. चुकीचें उत्तर दिल्यास कोड्याचे गुणही घटतात. ही व्यवस्था योग्यच म्हटली पाहिजे. आठांतून एक वजन डोळे मिटून उचललें तरी तें एखादे वेळीं बरोबर निघावयाचें, पण तसें निघणें म्हणजे कोडें सुटणें नव्हे.

अर्धें करण्याची ही ओढ येते कोठून? तराजूला पारडीं दोन, म्हणून त्याचीं उत्तरेंही दोन, असा समज होतो. वस्तुतः तीं तीन आहेत: डावें पारडें वर जाईल, उजवें वर जाईल, किंवा दांडी आडवी राहील. वाण्याच्या दुकानांत दांडी आडवी झाली कीं काम संपलें. कोड्यांत तिच्यापासूनच बातमी मिळते. जें हलकें आहे तें पारड्यांत नाहीं, बाहेर आहे, असें ती सांगते. म्हणून आठांचे दोन नव्हे, तीन वांटे करावयाचे: तीन, तीन आणि दोन. तीन-तीन पारड्यांत घालावींत. एक बाजू वर गेली तर त्या तिहींपैकीं दोन समोरासमोर ठेवावींत. जें वर जाईल तें हलकें, आणि दांडी आडवी राहिली तर बाहेरचें तिसरें हलकें. पहिल्या खेपेसच दांडी आडवी राहिली तर उरलेलीं दोन तोलावींत. दोन खेपांचीं उत्तरें तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ होतात. वजनें नऊ असतीं तरी भागलें असतें. दहा असतीं तर कोणाचीही बुद्धि चालली नसती.

याच घाटाचें कोडें ई. डी. शेल यांनीं जानेवारी १९४५ च्या 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या मासिकांत घातलें होतें. तेथें नाणीं आठच, परंतु हलकें नाणें असेलच असें नाहीं. आठ नाणीं आणि 'कोणतेंच नाहीं' ही नववी शक्यता. नऊच्या नऊ उत्तरें कामीं आलीं!

पुढें बारा नाण्यांचें कोडें गाजलें. एक खोटें आहे, पण हलकें कीं जड हें ठाऊक नाहीं. तेंही तीन खेपांत सांगावयाचें. प्रथम चारांसमोर चार ठेवावींत. दांडी आडवी राहिली तर उरलेल्या चारांपैकीं तीन, तीन खऱ्या नाण्यांसमोर तोलावींत. पुढचें सोपें आहे. एक बाजू खालीं गेली तर मात्र युक्ति हवी. खालीं गेलेलीं चार जड असूं शकतील, वर गेलेलीं चार हलकीं. आतां डाव्या पारड्यांत संशयित जड दोन व संशयित हलकें एक ठेवावें, उजव्यांतही तसेंच. डावें खालीं गेलें तर डावीकडील दोन जडांपैकीं एक किंवा उजवीकडील हलकें, एवढाच संशय उरतो. ते दोन जड एकमेकांशीं तोलले कीं निकाल लागतो. उजवें खालीं गेलें तर याच्या उलट. दांडी आडवी राहिली तर बाहेर राहिलेलीं दोन हलकीं समोरासमोर ठेवावींत.

पुढें पदार्थविज्ञानांत नांव कमावलेले फ्रीमन डायसन यांनीं १९४६ सालीं 'मॅथेमॅटिकल गॅझेट'मध्यें याचा सर्वसाधारण नियम दिला: तीन खेपांत बारा नाणीं, चार खेपांत एकूणचाळीस. तेरा नाण्यांच्या शक्यता सव्वीस आणि तीन खेपांचीं उत्तरें सत्तावीस. तेव्हां तेराही साधावींत असें वाटतें. पण पहिल्या खेपेस चारांसमोर चार ठेवलीं तर बाहेर पांच राहतात. दांडी आडवी राहिल्यास दहा शक्यता उरतात, आणि राहिलेल्या दोन खेपांजवळ उत्तरें नऊच. पांचांसमोर पांच ठेवून एक बाजू खालीं गेली तरी शक्यता पुन्हां दहाच.