मऊ खड्यांची घोळणी

(मंडळाच्या गृहोद्योग शाखेच्या सभेत केलेले भाषण)



'घरच्या घरी खडे घोळणे' या विषयावर मी बोलावे असे गृहोद्योग शाखेने ठरवले, त्याला दोन कारणे आहेत. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून घरी घोळलेले खडे लुटले. तेव्हापासून 'अहो, हे केलेत तरी कसे?' असे विचारल्यावाचून भाजीबाजारात कोणी मला पुढे जाऊ देत नाही. हे पहिले कारण. दुसरे कारण जरा गंभीर आहे. घरबसल्या खडे घासून द्यावेत, नगावर मजुरी मिळेल, असा एका व्यापाऱ्याचा प्रस्ताव मंडळाकडे आला आहे आणि पुढच्या सभेत तो मतास पडायचा आहे. पहिल्याविषयी मी हौसेने बोलेन. दुसऱ्याविषयी थोडे परखड बोलावे लागेल, त्याबद्दल राग मानू नये.

घोळणे म्हणजे काय, हे नाशिककरांना सांगायला नको. गोदावरीच्या पात्रातले गोटे गोल कोणी केले? पाण्याने आणि वाळूने. दगड दगडावर लोळला, मध्ये वाळू सापडली, कोपरे झिजले. आपले यंत्र हेच करते. रबराचे अस्तर लावलेला एक बंद डबा, तो दोन दांड्यांवर आडवा ठेवलेला, आणि एका लहानशा मोटारीने तो सावकाश फिरत राहतो. आत खडे, पाणी आणि घासणारी पूड. नदीला जे करायला युगे लागतात ते तीन-चार आठवड्यांत होते.

ही कल्पना काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. गुजरातेत खंबायतला अकिकाचे मणी करतात. तिथली जुनी रीत अशी, की मणी आणि कुरुंदाची पूड कातड्याच्या पिशवीत भरायची, पाणी घालून तोंड आवळायचे आणि दोघांनी समोरासमोर बसून ती पिशवी कित्येक दिवस इकडून तिकडे लोळवायची. त्याच प्रांतात लोथल येथे 1950 नंतरच्या दशकात उत्खनन झाले, त्यात हडप्पाकाळातला मण्यांचा कारखानाच सापडला. म्हणजे दगडाला तकाकी आणण्याचा नाद माणसाला चार हजार वर्षे तरी आहे.

आता मुख्य मुद्दा. अकीक घोळणे सोपे आहे. तो कठीण, एकजीव, मार खाणारा दगड. पुस्तकात दिलेले वेळापत्रक पाळले की झाले. खरी परीक्षा मऊ खड्यांची. दगडाचा कठीणपणा मोजायला फ्रीडरिश मोस या जर्मन शास्त्रज्ञाने 1812 साली दहा पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर संगजिरे, मग जिप्सम, तिसरा कॅल्साइट, चौथा फ्लोराइट, पाचवा ॲपेटाइट. सातवी आपली गार, नववा कुरुंद आणि दहावा हिरा. वरच्या पायरीचा दगड खालच्याला ओरखडतो. अकीक गारेच्याच जातीचा, म्हणून सहा-सात. मऊ खडे म्हणजे साधारण तीन ते पाच या पायऱ्यांवरचे. आपल्या दाताचे कवच पाचाच्या आसपास असते, एवढे लक्षात ठेवले तरी अंदाज येतो.

घरात ही परीक्षा फार सोपी आहे. नखाने ओरखडा उठला तर दगड अडीचपेक्षा मऊ, तो घोळायच्या भानगडीत पडू नका. तांब्याच्या तुकड्याने उठला तर तिनाच्या जवळपास. आजीच्या पेटीतला तांब्याचा जुना पैसा असेल तर उत्तम. हल्लीची रुपया-दोन रुपयांची नाणी पोलादी आहेत, ती या कामाची नाहीत. सुरीच्या टोकाने ओरखडा उठला तर पाचाच्या आतबाहेर. आणि दगडानेच काचेवर ओरखडा काढला तर तो मऊ नव्हेच. प्रत्येक दगडाची अशी परीक्षा करून सारख्या कठीणपणाचे दगड एकत्र ठेवायचे. तूरडाळ आणि राजमा आपण एकाच भांड्यात शिजायला टाकत नाही, तसेच हे. अकीक आणि कॅल्साइट एका डब्यात घातले तर आठवड्याने अकीक जसाच्या तसा निघेल आणि कॅल्साइटचे पीठ होईल.

शिकाऊ हाताने फ्लोराइट घ्यावा असे मी म्हणते. गुजरातेत आंबाडुंगर येथे त्याचा मोठा साठा आहे. जांभळा, हिरवा, पिवळसर, कधी एकाच तुकड्यात दोन रंगांचे पट्टे. असा देखणा दगड दुसरा नाही. पण त्याची खोड अशी, की तो चार दिशांनी सपाट चिरतो. लाकूड जसे शिरेवर फुटते तसा हा ठरलेल्या पातळ्यांवर सुटतो. म्हणून त्याला आपटू द्यायचे नाही. मऊ खड्यांचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आले: घासू द्यायचे, आपटू द्यायचे नाही.

ते कसे साधायचे? डबा दोनतृतीयांशाहून थोडा अधिक भरायचा. अर्धाच भरला तर खडे वरून खाली कोसळतात; भरपूर भरला तर घसरत खाली येतात. खडे कमी असतील तर जागा प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्यांनी भरून काढायची. या गोळ्या गादीसारखे काम करतात. चिनी मातीच्या गोळ्याही मिळतात, पण त्या कठीण खड्यांसाठी. मऊ खड्यांवर त्या वण उठवतात. पाणी खड्यांच्या वरच्या थराच्या किंचित खाली. कोणी चमचाभर साखर टाकून पाणी दाट करतात, म्हणजे आपटणे आणखी कमी होते. युक्ती चांगली आहे, मात्र मग डब्याचे झाकण दररोज एकदा उघडायचे. आत वायू साठतो आणि झाकण उडाले तर भिंतीवर जो चिखल बसतो तो दिवाळीच्या रंगालासुद्धा दाद देत नाही.

पूड कार्बोरंडमची. तिच्या जाडीला क्रमांक असतात. आकडा जितका मोठा तितकी पूड बारीक. अकिकाला 60 किंवा 80 क्रमांकापासून आरंभ करतात. मऊ खड्यांना ती जाड पूड दाखवायचीसुद्धा नाही. मी थेट 220 पासून सुरू करते आणि दररोज डबा उघडून पाहते. अकीक आठवडाभर विसरला तरी चालतो. फ्लोराइट तीन-चार दिवसांत गोल होतो, कॅल्साइट त्याआधीच. मग 500 ची पूड चार-पाच दिवस. शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडची तकाकी देणारी पांढरी पूड, ताज्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांबरोबर, पुन्हा सहा-सात दिवस. सर्वांत अखेर साबणाच्या किसाचे पाणी घालून काही तास. पुडीचे प्रमाण किलोभर खड्यांना तीन मोठे चमचे धरावे.

दोन टप्प्यांच्या मध्ये धुणे, हे या कामातले अर्धे काम. 220 चा एक कण जरी तकाकीच्या डब्यात गेला तरी आठवड्याच्या मेहनतीवर ओरखडे उठतात. खडे, डबा, झाकणाची खाच, सगळे जुन्या दातघासणीने घासून धुवायचे. गोळ्या प्रत्येक टप्प्याच्या वेगळ्या ठेवायच्या आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. ज्यांची लोणच्याची आणि मुरांब्याची बरणी कधी बदललेली नाही त्यांना हे अवघड जाणार नाही. आणि एक विनंती: ते गढूळ पाणी मोरीत ओतू नका. ती पूड नळीत बसून सिमेंटसारखी घट्ट होते. जुन्या बादलीत निवळू द्यावे, वरचे पाणी झाडाखाली टाकावे, खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा. ओला असतानाच, हे मी मुद्दाम म्हणते. का, ते पुढे येते.

सगळेच मऊ दगड डब्यात घालायचे असे मात्र नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइट जातीचे स्फटिक सापडतात: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, त्यांच्या सोबतीला ॲपोफिलाइट. जगभरची संग्रहालये ते मागतात. आपल्या जवळ सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तिथे एकदा सर्वांनी मिळून जाऊन यावे. तो निसर्गाने घडवलेला टोकदार स्फटिक घोळून त्याचा गोटा करणे म्हणजे पैठणी फाडून पायपुसणे करण्यासारखे आहे. विहीर खणताना कोणाला असे काही मिळाले तर मऊ ब्रशाने धुऊन कपाटात ठेवावे. मॅलेकाइट, तो हिरव्या पट्ट्यांचा दगड, हाही घरी नको. त्यात तांबे असते आणि त्याची पूड पोटात किंवा छातीत जाणे बरे नव्हे.

आता त्या व्यापाऱ्याच्या प्रस्तावाकडे येते.

काम असे आहे: खडे तो देणार, एक लहान घासणीचे चाक देणार, आणि बायकांनी घरी बसून ते कोरडेच घासून कडा मोडून द्यायच्या. मजुरी वाईट नाही. आपल्यातल्या तीन-चार जणींना तिची फार गरज आहे, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच हे बोलणे मला जड जाते. 'मऊ खडे आहेत, त्रास काय?' असे मला विचारण्यात आले. मी नमुन्याची थैली पाहिली. त्यात मऊ खड्यांबरोबर अकीक होता आणि कित्येक मऊ तुकड्यांना गारेची साल चिकटलेली होती. गार कोरडी घासली की तिची इतकी बारीक धूळ होते की ती डोळ्यांना दिसत नाही, नाकात अडत नाही, थेट फुप्फुसात जाऊन बसते. तिथे वण पडतात आणि ते भरून येत नाहीत. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. फुप्फुस पूर्ववत करणारे औषध त्याला नाही, आणि अशा छातीत क्षयही लवकर शिरतो.

मघाशी खंबायतचे कौतुक केले. त्याच खंबायतची ही दुसरी बाजू. हातांनी खेळवलेल्या पिशवीची जागा विजेच्या चाकाने घेतली तेव्हापासून तिथल्या घासणाऱ्या कारागिरांत हा रोग पसरला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याची तपासणी केली आहे. त्यात चाकापुढे बसणारेच नव्हे, शेजारपाजारची माणसेही सापडली, कारण चाक घरात आणि घर चाकापाशी. पाळण्यातले मूल काही चाक फिरवत नाही, पण श्वास तोच घेते. तोंडाला पदर किंवा रुमाल बांधून ही धूळ अडत नाही.

ओल्या घोळणीत ही धूळ उठत नाही, सगळे पाण्यात राहते. म्हणून गाळ वाळू देऊ नका असे मी म्हटले. वाळला की तीच धूळ. कोरडी पूड चमच्याने काढतानाही हळू काढावी आणि पूड सांडली तर केरसुणी न लावता ओल्या फडक्याने पुसावी. तेव्हा माझे मत असे: कोरड्या घासणीचा प्रस्ताव मंडळाने नाकारावा. ज्यांना मिळकतीची निकड आहे त्यांच्यासाठी मंडळाने दोन घोळणी यंत्रे घ्यावीत, ती कोणाच्या स्वयंपाकघरात न ठेवता मंडळाच्या मागच्या पडवीत ठेवावीत आणि पाळीपाळीने सांभाळावीत. यंत्र लहानशा दिव्याइतकी वीज खाते, पण रात्रंदिवस चालते आणि गिरणीतल्या पाळीसारखा घर्र आवाज करते. शेजारधर्म राखायचा तर पडवीच बरी. व्यापाऱ्याच्या मजुरीइतके पैसे यातून पहिल्या वर्षी सुटणार नाहीत. हे मी लपवत नाही. पण त्या दोन मिळकतींची तुलना करताना दवाखान्याचा खर्च एका पारड्यात घालायला विसरू नये.

विक्रीबद्दल दोनच शब्द. मऊ खडा अंगठीत बसवून विकू नये. हात दहा ठिकाणी आपटतो, महिन्यात तो निस्तेज होतो आणि नाव मंडळाचे जाते. लोलक, कानांतले, कुंकवाच्या करंड्यावरची टिकली, यांना तो शोभतो. घेणारीला सांगावे की लिंबू, चिंच, व्हिनेगर लागू देऊ नका. कॅल्साइट आंबटाने विरघळतो, आपले मोती-पोवळेसुद्धा. कोरड्या फडक्यानेही पुसू नका, कारण घरातल्या धुळीत गारेचे कण असतात आणि तेच ओरखडे काढतात. पाण्याने धुऊन मग टिपावे. आणि हाउलाइट नावाचा पांढरा मऊ दगड निळा रंगवून पेरोज म्हणून बाजारात खपवतात, ते आपण करायचे नाही. चिठ्ठीवर दगडाचे खरे नाव लिहायचे.

माझ्या डब्यात सध्या जांभळा फ्लोराइट आहे, तकाकीचा पाचवा दिवस. येत्या शनिवारी दुपारी चार वाजता डबा उघडेन. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे. येताना एक जुनी दातघासणी आणावी, धुवायला हात लागतील.