वाळूतला उन्हाळा

हवामानबदल म्हटलं की उत्तर ध्रुवावरचं वितळणारं बर्फ डोळ्यांपुढे येतं. मी मात्र आज तुम्हाला मंडणगड तालुक्यातल्या वेळासला नेणार आहे, तिथल्या वाळूखाली दीड फुटावर.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. एके काळी ही अंडी चोरीला जात. २००२ साली भाऊ काटदरे आणि चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था यांनी इथे संरक्षणाचं काम सुरू केलं. आता गावातलेच कासवमित्र पहाटे मादीचा माग काढतात, अंडी अलगद उचलतात आणि कुंपणाच्या आत, तिने केला होता तसाच सुरईच्या आकाराचा खड्डा करून त्यात ठेवतात. पन्नासेक दिवसांनी वाळू खचू लागते आणि पिल्लं वर येतात.

त्या पन्नास दिवसांत खड्ड्यात एक मोठा निर्णय होतो. पिल्लू नर की मादी, हे कासवात वाळूचं तापमान ठरवतं. २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात. त्याखाली नर वाढतात, त्यावर माद्या. थोडे नर पुष्कळ माद्यांना पुरतात, हे खरं. पण वाळू आणखी तापली, तर अंड्यातला जीवच दगावतो. डिसेंबरातल्या घरट्याला थंडी लाभते. मार्चमधल्या घरट्याला चैत्र-वैशाखाचा ताव सोसावा लागतो. त्यामुळे हंगाम जितका पुढे सरकेल, तितका धोका वाढेल. कुंपणावर जाळीची सावली धरता येते, वाळू ओलसर ठेवता येते. पण असा उपाय माणसाच्या हाती लागलेल्या घरट्यांपुरताच.

दुसरं संकट समुद्राकडून येतं. अरबी समुद्र तापतो आहे, वादळं वाढताहेत. ३ जून २०२० चं ‘निसर्ग’ आणि पुढच्याच वर्षीचं ‘तौक्ते’ कोकण विसरलेलं नाही. समुद्र चढला की मोकळा किनाराही मागे सरकतो आणि कासवाला नवी कोरडी वाळू मिळते. कोट्यवधी वर्षं कासवं अशीच तगली. आज मात्र मागे रस्ता आहे, रिसॉर्टची भिंत आहे, धूप थांबवायला घातलेला दगडी बंधारा आहे. अंड्यांनी जड झालेली मादी दगड चढू शकत नाही. ती अंडी न घालताच फिरते, किंवा भरतीच्या पट्ट्यात घालते आणि पाणी ती घेऊन जातं.

ज्या किनाऱ्यामागे घरं आहेत, तिथे बंधारा लागेल. माणसांना वाऱ्यावर सोडा असं मी म्हणणार नाही. पण जिथे मागे नुसती मर्यादवेल पसरलेली आहे, तिथे दगड टाकणं हा शुद्ध अविचार आहे. ती वेलच वाळू धरून ठेवते.

जगाचं तापमान एकट्या कोकणाला उतरवता येणार नाही. कोरडी वाळू मोकळी ठेवणं मात्र आपल्या हातात आहे. तुमच्यापैकी अनेकांची गावं किनाऱ्यावर आहेत. बंधाऱ्याचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा सुट्टी काढून जा आणि कासवाला जागा कुठे ठेवली आहे, ते नकाशावर दाखवायला सांगा.