तज्ज्ञ प्रणाली

निष्णात व्यक्तीचे अनुभवसिद्ध ज्ञान ‘अमुक लक्षणे असतील तर तमुक अनुमान’ अशा नियमांत बांधून संगणकाच्या स्वाधीन केले, म्हणजे जी व्यवस्था सिद्ध होते, तिला तज्ज्ञ प्रणाली म्हणतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी रचलेली ‘मायसिन’ रक्तातील जंतुसंसर्गाविषयी डॉक्टरांना एकेक प्रश्न विचारी, शेकडो नियम पडताळून प्रतिजैविकाची शिफारस करी, आणि ‘हे का विचारले?’ असा जाब मागताच संबंधित नियम पुढे ठेवी. रुग्णालयांच्या नित्य व्यवहारात ती रुजू झाली नाही. तथापि डिजिटल इक्विपमेंट कंपनीत ‘एक्सकॉन’ प्रणाली ग्राहकांच्या मागणीनुसार संगणकाच्या सुट्या भागांची जुळणी ठरवीत असे. नियमांच्या दफ्तरी जे नोंदलेले नाही ते अशा प्रणालीला अज्ञातच राहते. म्हणून तिचा सल्ला अवश्य घ्यावा, निर्णयाची जबाबदारी मात्र माणसानेच पत्करावी.